काचेवरची भुतं

१८३८ साली पॅरिसमध्ये लुई दागेर यांनी खिडकीतून एका गजबजलेल्या रस्त्याचा फोटो घेतला. फोटोत रस्ता ओस! घोडे, गाड्या, माणसं सगळी गायब. उरला तो एका जागी उभा राहून बूट पॉलिश करून घेणारा एक माणूस. तेव्हा फोटोसाठी प्लेटवर कित्येक मिनिटं उजेड पडू द्यावा लागे. चालता माणूस उमटतच नसे. मध्येच उठून गेलेला मात्र अर्धवट उमटे, अगदी आरपार दिसेल असा. अशी भुतं गंमत म्हणून मुद्दाम कशी काढायची, हे डेव्हिड ब्रूस्टर या शास्त्रज्ञाने १८५६ मध्ये पुस्तकात छापूनही टाकलं होतं.

पण बोस्टनच्या विल्यम मम्लरची भुतं गमतीची नव्हती. दागिन्यांवर नक्षी कोरणाऱ्या या कारागिराने १८६०नंतर लवकरच स्वतःचा फोटो काढला, तर शेजारी एक धूसर मुलगी! ही आपल्या नात्यातली, १२ वर्षांपूर्वी वारलेली मुलगी, असं त्याने सांगितलं. त्या वेळी अमेरिकेत यादवी युद्ध पेटलेलं. घरोघरी कुणी ना कुणी गेलेलं. त्याच्याकडे रीघ लागली.

युक्ती काय असावी? तेव्हाचे फोटो काचेवर निघत. काचेवर कलोडियन नावाचा चिकट द्रव ओतायचा, ती चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवायची आणि ओली असतानाच फोटो घ्यायचा. काच महाग, म्हणून घासूनपुसून पुन्हा वापरायची. नीट पुसली नाही, तर आधीचा चेहरा नव्या फोटोत हलकेच डोकावे. पुढे मम्लरची काही ‘भुतं’ बोस्टनमध्ये चक्क हिंडताफिरताना सापडली!

१८६९ मध्ये न्यूयॉर्कला त्याच्यावर फसवणुकीचा खटला झाला. विरोधात साक्ष द्यायला आले शोमन पी. टी. बार्नम, ज्यांनी स्वतः माशाला जोडलेलं माकडाचं धड ‘जलपरी’ म्हणून लोकांना दाखवलं होतं! न्यायाधीशांना लबाडीची खात्री होती, पण ती सिद्ध झाली नाही. मम्लर सुटला.

काही वर्षांनी त्याच्याकडे काळ्या पोशाखातली एक बाई आली. त्याच्या सांगण्यानुसार तिने नाव खोटं दिलं होतं. ती होती मेरी लिंकन. १८६५ मध्ये तिच्या शेजारी बसलेले असतानाच तिचे पती, राष्ट्राध्यक्ष लिंकन यांना गोळी घातली गेली होती. फोटोत ती समोर बघते आहे आणि तिच्या खांद्यांवर मागून दोन फिकट हात टेकले आहेत.