आधी महागाव, मग मळवली

मावळातल्या गावांची यादी संगणकाने अकारविल्हे लावली, तेव्हा मळवली महागावाच्या आधी आली आणि वळवण वहाणगावाच्या आधी. मराठी वर्णमालेत ळ येतो हच्या नंतर. ज्या तालुक्याच्या नावातच ळ आहे, तिथली यादी अशी लागलेली मला बघवेना. हा क्रम नेमका ठरतो कुठे, ते पाहायचं म्हणून, यादी ज्यात होती ते पोस्टग्रेस हे डेटाबेस इंजिन तयार न घेता सोर्स कोडपासून बांधायला घेतलं, लोणावळ्यात, भर पावसात.

पोस्टग्रेस सुरू झालं 1986 मध्ये, बर्कलीच्या विद्यापीठात, मायकेल स्टोनब्रेकर यांच्या हाताखाली. 1994 मध्ये अँड्र्यू यू आणि जॉली चेन या विद्यार्थ्यांनी त्यात एसक्यूएल आणलं. 1996 पासून नाव पोस्टग्रेएसक्यूएल. कोड सर्वांना खुला आहे आणि आज पुण्यात बसूनही त्यावर काम चालतं.

पहिली आज्ञा ‘कॉन्फिगर’. ती काहीच बांधत नाही, नुसती झडती घेते: सीचा कंपायलर आहे का, बायसन, फ्लेक्स आहेत का, रीडलाइन आहे का. माझ्याकडे ती अडली आयसीयू या लायब्ररीपाशी. 2023 च्या सोळाव्या आवृत्तीपासून आयसीयू हवीच असं इंजिन धरून चालतं. नको असेल तर ‘विदाउट-आयसीयू’ लिहायचं, की गाडी पुढे सरकते. घाईत असलेला माणूस तेच करतो, आणि तिथेच मराठीचा क्रम बाहेर राहतो.

कारण संगणक अक्षरं ओळखतो ती आकड्यांनी. युनिकोडमध्ये ळचा आकडा 0933, हचा 0939. देवनागरीची ही मांडणी 1988 च्या इस्की या भारतीय प्रमाणावरून आली. सगळ्या भारतीय लिप्या एकाच साच्यात बसवायच्या होत्या, म्हणून ळ गेला लच्या शेजारी. ‘सी’ नावाची मांडणी निवडली की इंजिन फक्त हे आकडे बघतं. आयसीयूत मात्र मराठीसाठी वेगळा नियम लिहिलेला आहे: हनंतर ळ, मग क्ष, मग ज्ञ. कुणीतरी बसून हे नीट लिहून ठेवलं, याचं मला फार मोल वाटतं.

आयसीयू घातली आणि बांधणीची आज्ञा ‘मेक’ चालवली. अर्ध्यात वीज गेली. मेक फायलींच्या वेळा ताडून उरलेलंच काम करतं, पण वीज जाताना अर्धवट लिहिली गेलेली फाइलही त्याला पूर्ण वाटते. शेवटी जोडणीत चूक निघाली. ‘मेक क्लीन’ करून पुन्हा पहिल्यापासून. मग ‘मेक चेक’च्या दोनशेवर चाचण्या पार पडल्या. यादी ‘एमआर-एक्स-आयसीयू’ या क्रमाने मागवली: महागाव, मळवली. वहाणगाव, वळवण.

खरी काळजी पुढेच आहे. आपण बांधलेलं इंजिन आयसीयूच्या ज्या आवृत्तीशी जोडलं तीच मागतं. ऑपरेटिंग सिस्टीम अपग्रेड झाली आणि जुनी आवृत्ती निघून गेली, तर सर्व्हर उठतच नाही. पुन्हा कंपाइल करावं लागतं, नव्या लायब्ररीशी. तिच्यात क्रमाचा एखादा नियम बदललेला असेल तर इंडेक्स, म्हणजे शोधासाठीची सूची, जुन्या क्रमाने लावलेला आणि शोध नव्या क्रमाने, अशी गत होते. गाव टेबलात असतं, पण शोधून सापडत नाही. एकच नोंद दोनदा शिरते, ‘युनिक’चं बंधन लावलेलं असूनही. 2018 मध्ये लिनक्सच्या जीलिबसी 2.28 ने क्रम बदलला, तेव्हा अनेकांचे इंडेक्स असेच बिघडले.

पोस्टग्रेस क्रमाची आवृत्ती नोंदवून ठेवतं आणि ती जुळली नाही की इशारा देतं. इशारा दिसला की आधी त्या क्रमावरचे सगळे इंडेक्स ‘रीइंडेक्स’ करायचे, ‘रिफ्रेश व्हर्जन’ नंतर. उलट केलं तर इशारा जातो आणि बिघाड तसाच राहतो.