लेखांक १२ : पेर्ते व्हा!

आज आकाशगंगांचे आकार ओळखायला बसायचं ठरलं होतं. ते पुढच्या आठवड्यात. मृग तोंडावर आलाय आणि अकोल्याकडच्या एका वाचक भगिनींचं पत्र आलंय, ते आत्ताच हाती घ्यायला हवं. त्या लिहितात, 'रात्री दोन-दोन वाजेपर्यंत एक पक्षी ओरडत असतो. सासूबाई म्हणतात पावशा, मुलगा म्हणतो कोकीळ. दिसत तर काहीच नाही. खरं कोणाचं?'

हा वाद आमच्या अंगणातही होऊन गेलाय. आजोबा बाजेवर पडल्या पडल्या म्हणायचे, 'ऐक, पेर्ते व्हा म्हणतोय.' मला तो कोकीळच वाटायचा. त्यात मुलांची चूक नसते. दोघेही एकच हाक पुन्हा पुन्हा देतात, दर वेळी सूर थोडा चढवतात आणि अगदी टिपेला पोचून एकदम थांबतात. नुसत्या कानाला ती चढणच जाणवते. माझी गल्लत सुटली ती फार पुढे, झेनो-कँटो या संकेतस्थळावर.

दोघा डच पक्षीवेड्यांनी, बॉब प्लांके आणि विलेम-पीर व्हेलिंगा यांनी, ते २००५ साली सुरू केलं. सुरुवात दक्षिण आणि मध्य अमेरिकेतल्या पक्ष्यांपासून झाली. आज तिथे जगभरातल्या दहा हजारांहून जास्त जातींचे आवाज आहेत, आणि ते तुमच्या-माझ्यासारख्यांनीच टिपून दिलेले आहेत. ऐकायला पैसे पडत नाहीत.

'पावशा' लिहून मात्र तिथे काही सापडणार नाही. इंग्रजीत 'कॉमन हॉक कुकू' असं शोधा. ध्वनिमुद्रणांची यादी येईल. प्रत्येकापुढे ठिकाण, तारीख, वेळ आणि दर्जाचं अक्षर असतं. 'ए' म्हणजे स्वच्छ, 'ई' म्हणजे जेमतेम. भारतातलं एखादं 'ए' दर्जाचं निवडा आणि लगेच ऐकू नका. आधी शेजारचं चित्र बघा.

हा आवाजाचा आलेख. डावीकडून उजवीकडे वेळ सरकते, खालून वर सूर चढतो. रेघ जितकी गडद, तितका आवाज मोठा. पावशाच्या आलेखात तीन-तीन फटकाऱ्यांचे झुबके दिसतात. पेर्-ते-व्हा. पुढचा झुबका किंचित वर, त्यापुढचा आणखी वर. जिन्याच्या पायऱ्याच. पाच-सहा पायऱ्या झाल्या की कोरी जागा, आणि पुन्हा पहिल्या पायरीपासून. आता दुसऱ्या खिडकीत कोकीळ उघडा. चढण तशीच, पण प्रत्येक पायरीवर दोनच अक्षरं : कु-ऊ. दुसरं अक्षर तिरकं वर उचललेलं.

म्हणजे सूर कुठे जातो ते सोडून द्या, अक्षरं मोजा. दोन आली तर कोकीळ, तीन आली तर पावशा.

गंमत अशी, की आपल्या भाषांनी हे कधीच मोजून ठेवलंय. हिंदीत हाच पक्षी पपीहा. तो 'पी कहाँ' विचारतो. बंगालीत तो 'चोख गेलो' म्हणतो, म्हणजे डोळा गेला. इंग्रजांना त्यात 'ब्रेन-फीव्हर' ऐकू आलं. कुणाला विरह, कुणाला दुखणं, आमच्या शेतकऱ्याला पेरणी. अर्थ चार, पण अक्षरं सगळीकडे तीनच. आणि त्याचाच भाऊबंद असलेला, चार अक्षरी हाक देणारा कोकीळकुळातला दुसरा पक्षी कुमाऊँत 'काफल पाको' म्हणतो : का-फल-पा-को. तिथेही हिशेब चुकलेला नाही. लोकांच्या कानांनी आलेख न बघता आलेख काढला होता. संकेतस्थळानं मला नवीन काही शिकवलं नाही, आजोबांचा कान किती तयार होता ते दाखवलं.

आता तुमचं काम. आज रात्री मोबाइल खिडकीत ठेवा आणि निदान दोन मिनिटं टिपा. मोटारपंप, कुत्री, रातकिडे आले तरी चालतील. गाव, तारीख, वेळ तेवढी लिहून ठेवा. खात्री नसेल तर 'अनोळखी' म्हणूनही तिथे आवाज चढवता येतो, जाणकार ओळखून देतात. दिवसा आसपास सातभाईंचा थवा दिसतो का, तेही बघा. पावशाची मादी अंडी घालते ती त्यांच्याच घरट्यात.

एक पथ्य मात्र पाळा. संकेतस्थळावरचा आवाज झाडाखाली उभं राहून मोठ्यानं वाजवू नका. हा त्याचा विणीचा हंगाम आहे. हद्दीत दुसरा नर घुसला असं समजून तो सैरभैर होतो.

अकोल्याच्या ताई, सासूबाई आणि मुलगा दोघांना शेजारी बसवून अक्षरं मोजा आणि निकाल कळवा. आकाशगंगा आठवडाभर थांबतील. पावशा थंडीत जवळजवळ मुका होतो. त्याला ऐकायचे दिवस हेच.