किल्ली एकच, तीही फोनमध्ये!

डिसेंबर २०२१ च्या सुमारास खोट्या एसएमएसद्वारे ओसीबीसी बँकेच्या सुमारे ७९० ग्राहकांचे १ कोटी ३७ लाख डॉलर लुबाडले गेले. पुढे जुलै २०२४ मध्ये सिंगापूरच्या बँकांनी डिजिटल टोकन वापरणाऱ्यांसाठी लॉगिनचा ओटीपी बंद करण्याचे जाहीर केले.

टोकन म्हणजे फोनमध्ये ठेवलेली गुप्त किल्ली. चोराला अडवण्यास ती उत्तम, हे सॉफ्टवेअरच्या व्यवसायातला म्हणून मी खात्रीने सांगतो. पण फोन हरवला की मालकही दाराबाहेर! सिंगपासचे अ‍ॅपही एकाच फोनवर चालते. म्हणजे बँक, सीपीएफ, आयकर सारे एकदम अडते. शिवाय नव्या फोनवर टोकन सुरू होण्यास किमान १२ तासांचा विलंब जानेवारी २०२२ मध्येच ठरवला गेला.

म्हणून चोआ चू कांगच्या आमच्या घरी तीन गोष्टी ठरलेल्या आहेत. घरखर्चाचे खाते संयुक्त असून पत्नीचे टोकन तिच्या फोनवर आहे. बँकांचे तातडीचे दूरध्वनी क्रमांक (पासवर्ड नव्हेत!) कागदावर लिहिलेले आहेत. भारतात जाताना एक कार्ड व थोडी रोकड वेगळ्या पिशवीत असते. आपणही फोन हाती आहे तोवरच ही तजवीज करावी.