स्टेअरिंग वर-खाली होतं, पण जवळ येतं का?

मागच्या भागात सीटबद्दल बोललो, आज स्टेअरिंग.

ऑस्ट्रेलियात पिकअपला 'यूट' म्हणतात. तिथली लाडकी यूट म्हणजे फोर्ड रेंजर. 2023 मध्ये त्या देशात सगळ्यात जास्त विकली गेलेली गाडी हीच. पण 2011 ला आलेल्या रेंजरचं स्टेअरिंग फक्त वर-खाली व्हायचं, म्हणजे टिल्ट. पुढे-मागे, म्हणजे टेलिस्कोपिक, नाही. उंच ड्रायव्हर यावर कुरकुरायचे, आणि त्यांचं बरोबरच होतं. लांब पायांसाठी सीट मागे सरकवली की हात ताणले जातात, हातांसाठी पुढे घेतली की गुडघे अडकतात. मध्यम उंचीचे लोक म्हणायचे, एकदा सेट केलं की परत कोण बघतं? तेही खरंच, गाडी एकटाच चालवत असेल तर! शेवटी 2022 च्या नव्या मॉडेलमध्ये फोर्डने ही सोय दिली.

मला मात्र बुटक्यांची काळजी जास्त वाटते. पेडलपर्यंत पाय पोचायला ते स्टेअरिंगला चिकटून बसतात, आणि एअरबॅग असते नेमकी तिथेच. अमेरिकेची सरकारी रस्ता सुरक्षा संस्था सांगते की छाती आणि स्टेअरिंगचा मध्य यांत किमान 25 सेंटीमीटर अंतर हवं. टेलिस्कोपिक असेल तर स्टेअरिंग डॅशबोर्डकडे ढकलून ते मिळवता येतं.

आज गाडीत बसाल तेव्हा बघा: पाठ सीटला टेकवून हात सरळ केला, की मनगट स्टेअरिंगच्या वरच्या कडेवर टेकायला हवं. खांदा उचलावा लागला, तर तुम्ही लांब बसलाय. आणि हो, स्टेअरिंगखालचा तो लिव्हर गाडी उभी असतानाच सोडवा.