शजऱ्यात नसलेली आई

लग्न जमवताना आपल्याकडे शजरा विचारतात. त्यात बाप, दादा, परदादा असतात. आईचे, नानीचे नाव क्वचितच सापडते. निसर्गाने मात्र आईची नोंद वेगळी ठेवली आहे. पेशींतील मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए मुलामुलींना आईकडूनच मिळतो. पुढे तो मुलीच नेतात. पिढ्यान्‌पिढ्यांत त्यात पडलेले बारीक फरक जुळवून शास्त्रज्ञ आईचा वंश शोधतात.

१९८७ मध्ये रिबेका कॅन, मार्क स्टोनकिंग व ॲलन विल्सन यांनी १४७ जणांच्या नमुन्यांवरून हा माग सुमारे दोन लाख वर्षांपूर्वीच्या आफ्रिकेपर्यंत नेला. तिथल्या ‘एल-३’ शाखेतून ‘एम’ शाखा फुटली. निम्म्याहून अधिक भारतीय याच शाखेचे आहेत. भारतीय मुस्लिमांच्या तपासणीतही आईकडचा वंश बहुतांशी इथल्या शेजारी समाजांशीच जुळला. अरबस्तान-इराणकडच्या खुणा आहेत, पण थोड्या.

म्हणजे आपल्या बहुतेक नान्या-परनान्या याच मातीतल्या. यात कमीपणा कसला? अरबाला अजमीवर श्रेष्ठत्व नाही, हे पैगंबर मुहम्मद (स.) यांनी अखेरच्या हजच्या खुतब्यात बजावलेच आहे. मग नुसत्या खानदानाच्या नावावर दीनदार, शिकलेले स्थळ आपण का परतवावे? आणि शजऱ्यात आईचे, नानीचे नाव आजपासून का लिहू नये?