पाऊस आपल्या हातात नाही, खाट आहे



बैठक झाली, बचत जमा झाली, वहीवर सह्या झाल्या, की कुणीतरी म्हणतं, "आता गटाने काहीतरी धंदा सुरू करू या." तुमच्याही गटात हे झालं असेल. आज आपण त्याच्या पुढचं बोलू. धंदा ठरवायच्या आधी काय काय बघायचं?

आमच्याच गटाची गोष्ट सांगते. आम्ही दहा जणी. मसाला कांडपाचं यंत्र घ्यायचं ठरत आलं होतं. कर्ज मिळणार होतं, हप्ता महिन्याला पाच हजाराच्या आसपास. मी समन्वयक, मला फार उत्साह. आमच्यातली एक वहिनी हळूच म्हणाली, "अहो ताई, मसाला सगळे उन्हाळ्यात करतात. मग पावसाळ्यात हप्ता कशातून भरायचा?" मी म्हटलं, "आधीच नकारघंटा नको." ती गप्प बसली. चूक माझी होती. तिने एका वाक्यात जे विचारलं, तेच आज मला समजावून सांगायचं आहे.

मोठ्या कंपन्या पुढच्या वर्षाचा बेत आखताना दोन गोष्टी तपासतात. कंपनीच्या आतली परिस्थिती आणि बाहेरची परिस्थिती. नाव मोठं आहे, पण काम आपल्या ओळखीचं आहे. घरात लग्न काढलं तर आपण आधी घरात बघतो: पैसा किती, धान्य किती, राबणारी माणसं किती. मग बाहेर बघतो: सुगी कधी, पाऊस कधी, मुलांच्या परीक्षा कधी. दोन्ही जुळलं की तारीख धरतो. धंद्याचंही तसंच.

आता एक खरं उदाहरण घेऊ. लिज्जत पापड तुम्ही खाल्ला असेल. 15 मार्च 1959 रोजी मुंबईत गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात बायकांनी हे काम सुरू केलं. भांडवल होतं 80 रुपये, तेही उसने. पहिल्या दिवशी पापडाची चार पाकिटं झाली. त्यांच्या आत काय होतं? लाटणारे हात, एकमेकींवरचा विश्वास आणि छगनबाप्पा पारेख यांनी पहिल्यापासून लावलेली चोख हिशोबाची शिस्त. काय नव्हतं? पैसा नव्हता आणि वाळवायला गच्चीशिवाय दुसरी जागा नव्हती.

मग पावसाळा आला. ऊन नाही, तर पापड वाळणार कसे? पहिल्या वर्षी चार महिने काम बंद ठेवावं लागलं. इथे नीट बघा. पाऊस ही बाहेरची गोष्ट. वाळवायला आडोशाची सोय नाही, ही आतली उणीव. ही दोन्ही एकत्र आली तेव्हा काम थांबलं. पुढच्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह आणला. खाटेवर पापड, खाली स्टोव्ह. पाऊस तसाच पडत होता, पण काम चालू राहिलं. बाहेरचं बदलता आलं नाही, म्हणून त्यांनी आतलं बदललं. या सात जणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना 2021 मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

आता आपल्या बैठकीत हे कसं करायचं ते सांगते. एक मोठा कागद घ्या. मधोमध एक उभी आणि एक आडवी रेघ मारा. चार खाने होतील. वरचे दोन आतले: आपलं बळ आणि आपली उणीव. खालचे दोन बाहेरचे: संधी आणि धोका.

आतलं लिहिताना खरं लिहा. कुणाच्या हाताला चव आहे? कुणाला हिशोब जमतो? शेतीच्या कामांच्या दिवसांत कोण येऊ शकेल? गटाच्या खात्यात किती आहे, आणि अंतर्गत कर्जाची थकबाकी किती? थकबाकी लिहायला लाज वाटते, पण लपवलेली उणीव हप्त्याच्या दिवशी उघडी पडतेच.

बाहेरचं मात्र घरात बसून लिहू नका. दोघी-तिघींनी बाजाराच्या दिवशी फिरून या. हाच माल आणखी कोण विकतं, काय भावाने? गिऱ्हाईक पाव किलो मागतं की किलो? कच्चा माल कधी स्वस्त, कधी महाग? वीज किती तास असते? खाण्याचा माल पाकिटात भरून विकायचा तर अन्न सुरक्षेची नोंदणी लागते, पाकिटावर वजन आणि तारीख लागते. तीही बाहेरचीच गोष्ट, आपण टाळू शकत नाही.

आम्ही उशिरा का होईना, असा कागद केला. त्या वहिनीलाच पुढे बसवलं. काय निघालं? शेजारच्या गावात आधीच दोन कांडप यंत्रं. आम्ही बघितलेल्या यंत्राला थ्री फेज वीज हवी, ती आमच्याकडे भरवशाची नाही. यंत्राला काम तीन महिने, हप्ता मात्र बारा महिने. आणि बळाच्या खान्यात काय? आमच्या काकूंच्या हातचा कांदा-लसूण मसाला, जो पुण्याला राहणारी लेकरंबाळं दर वेळी मागून नेतात. मग यंत्राचा विषय सोडला. मिरची आमची, कृती काकूंची, कांडप शेजारच्या गावातून पैसे देऊन. सुरुवात दहा किलोने, गटाच्याच बचतीतून.

पहिला माल गेला. दुसरा माल पावसाळ्यात गेला आणि पाकिटात गुठळ्या झाल्या. पिशवी पातळ होती. कागदावर "पाऊस" लिहिला होता, पण त्याच्यासमोर "जाड पिशवी" लिहायचं राहून गेलं. तीन किलो परत आला. तोटा झाला, पण तो तीन किलोचा झाला. यंत्र घेतलं असतं तर दहा घरांवर कर्ज राहिलं असतं.

म्हणून मैत्रिणींनो, कागद भरून थांबू नका. प्रत्येक धोक्यासमोर लिहा: यासाठी आपण आत काय बदलणार? कोण करणार? कधीपर्यंत? आणि दर सहा महिन्यांनी तो कागद पुन्हा काढा, कारण बाजार बदलतो, माणसंही बदलतात.

आणि बैठकीत कुणी शंका काढली, तर तिला नकारघंटा म्हणू नका. ती शंका आधी कागदावर लिहून घ्या. पुढच्या बैठकीत एवढं करून बघा.