विश्लेषण : स्पर्धा परीक्षेची चार वर्षे सीव्हीत कशी लिहायची?

पुण्यातील सदाशिव पेठ, नारायण पेठेतल्या अभ्यासिकांमधून दर वर्षी एक गट निमूटपणे बाहेर पडतो. यादीत नाव आलेल्यांचे गावात फ्लेक्स लागतात, मिरवणुका निघतात. या गटाची बातमी होत नाही. राज्यसेवा किंवा संयुक्त परीक्षेच्या तयारीत तीन-चार, कधी सहा वर्षे गेलेली असतात. तिशी जवळ आलेली असते, घरून येणारे पैसे थांबलेले असतात. खासगी नोकरीसाठी पहिल्यांदाच सीव्ही लिहायला बसल्यावर ‘पदवी – 2020’ इथपर्यंत सगळे सुरळीत होते आणि त्यापुढे हात थांबतो. मधली वर्षे लपवायची, सांगायची की रंगवायची?

कंपनीला नेमके काय खटकते?

उमेदवाराला वाटते, आपण नापास झालो हे कंपनीला खटकेल. भरती करणाऱ्याची शंका बहुतेकदा वेगळीच असते : पुढची जाहिरात निघाली की हा नोकरी सोडून जाणार का? ही शंका अनाठायी नाही. राज्यसेवेसाठी कमाल वयोमर्यादा खुल्या प्रवर्गाला 38 आणि मागासवर्गीयांना 43 वर्षे आहे. म्हणजे 29 वर्षांचा उमेदवार अजून बरीच वर्षे अर्ज भरू शकतो, हे मनुष्यबळ विभागालाही ठाऊक असते. सहा महिने शिकवून तयार केलेला माणूस ‘पूर्व’ परीक्षेच्या आधी रजेवर गेला आणि परत आलाच नाही, असा अनुभव अनेक कार्यालयांनी घेतलेला असतो.

म्हणून सीव्हीच्या वरच्या दोन-तीन ओळी याच शंकेसाठी खर्च कराव्यात. ‘आव्हानात्मक वातावरणात प्रगतीची संधी हवी’ हे पाठ वाक्य तिथे वाया जाते. त्याऐवजी : ‘वाणिज्य पदवीधर. स्पर्धा परीक्षांची तयारी 2024 मध्ये पूर्ण थांबवली. बँकिंग ऑपरेशन्समध्ये पूर्णवेळ कामास तयार.’ अर्थात, तयारी खरोखर थांबवली असेल तरच. अजून एक प्रयत्न द्यायचा असेल तर हे वाक्य लिहू नये. मुलाखतीत पहिल्याच प्रश्नाला ते उघडे पडते.

बनावट अनुभव दाखवला तर?

ओळखीच्या दुकानदाराच्या लेटरहेडवर दोन वर्षांचे अनुभवपत्र घेण्याचा सल्ला खोलीत कुणी ना कुणी देतोच. तो महागात पडतो. बऱ्याच कंपन्या रुजू होण्यापूर्वी किंवा नंतर पार्श्वभूमी तपासतात. भविष्यनिर्वाह निधीच्या यूएएन क्रमांकावर आधीच्या नोकऱ्यांच्या तारखा दिसतात. पगारपत्रक आणि बँकेचे विवरण मागितले जाते. वीसपेक्षा कमी कर्मचारी असलेल्या ठिकाणी हा निधी सहसा लागू नसतो, त्यामुळे यूएएन नसणे हा गुन्हा नाही. पण पगार कुठल्या खात्यात जमा झाला, हा प्रश्न उरतोच. मधली वर्षे सांगितली तर एखादी नोकरी हुकेल, खोटे पकडले गेले तर मिळालेली जाईल.

त्या वर्षांत खरेच ‘काही केले नाही’?

इथेच बहुतेक सीव्ही कमकुवत होतात, कारण उमेदवार स्वतःच स्वतःचे काम मोजत नाही. समजा, लातूर जिल्ह्यातली एक तरुणी 2020 मध्ये बीकॉम होऊन पुण्यात आली. चार वर्षांत तिने संध्याकाळी नववी-दहावीच्या मुलांच्या शिकवण्या घेतल्या, एका अभ्यासिकेचा हिशेब पाहिला, सराव परीक्षांच्या उत्तरपत्रिका तपासल्या आणि गावाकडच्या ओळखीच्यांचे ऑनलाइन अर्ज भरून दिले. तिच्या सीव्हीत मात्र यातले काहीच नाही. आहे ते असे : ‘मेहनती, प्रामाणिक, संघभावना, संगणकज्ञान – एमएससीआयटी’.

हेच काम लिहायचे तर ते असे दिसेल : ‘जून 2021 ते मार्च 2024 – अभ्यासिकेत अर्धवेळ व्यवस्थापन. 110 आसनांची मासिक शुल्कनोंद एक्सेलमध्ये, थकबाकीदारांचा पाठपुरावा, दरमहा मालकाला जमा-खर्चाचा तक्ता.’ आणि खाली : ‘इयत्ता 9-10, गणित – 14 विद्यार्थी, दोन वर्षे.’ यात एकही विशेषण नाही. तरी बँकेच्या शाखेतल्या वाचणाऱ्याला कळते, की हिच्या हातून पैशांचा हिशेब गेला आहे, वसुलीसाठी फोन करण्याची हिला लाज वाटत नाही आणि एक्सेल ही प्रमाणपत्रापुरती गोष्ट नाही. अभ्यासिकेच्या मालकाला आधी विचारून संदर्भ म्हणून त्याचे नाव देता येते. एक फोन केला की खातरजमा होते.

आकडे मात्र खरेच हवेत. 110 आसने होती तर 110 लिहावे, 300 नको. आणि जिने खरोखर फक्त अभ्यासच केला, तिने काय करावे? ‘2020-24 : राज्यसेवा परीक्षेची पूर्णवेळ तयारी’ अशी एकच सरळ ओळ लिहावी आणि अर्ज करण्यापूर्वीचे दोन-तीन महिने टॅली, जीएसटी विवरणपत्र किंवा एक्सेल अशा एखाद्या कामाच्या गोष्टीला द्यावेत. सर्वांत वरची तारीख ताजी असली की वाचणाऱ्याची नजर जुन्या रिकाम्या जागेवर कमी रेंगाळते.

परीक्षेतले यश-अपयश लिहावे का?

टप्पा पार केला असेल तर वर्षासह लिहावा : ‘राज्यसेवा पूर्व परीक्षा 2022 उत्तीर्ण’. किती प्रयत्न फसले हे लिहिण्याची गरज नाही, विचारले तर सांगावे. केंद्रीय लोकसेवा आयोगानेच मुलाखतीपर्यंत पोहोचून अंतिम यादीत न आलेल्यांची माहिती, त्यांच्या संमतीने, इतर नियोक्त्यांपुढे ठेवण्याची योजना 2018 पासून राबवली आणि 2025 मध्ये ती ‘प्रतिभा सेतू’ या नावाने खासगी कंपन्यांसाठीही खुली केली. तेव्हा मुलाखत दिली होती, हे सांगण्यात संकोच नको.

नमुना कुठला घ्यावा?

झेरॉक्सच्या दुकानात मिळतो तो ‘बायोडाटा’ सरकारी अर्ज आणि लग्नाचे स्थळ यांची भेसळ असतो. वडिलांचे नाव, जात, वैवाहिक स्थिती, शेवटी ‘वरील माहिती खरी आहे’ असे प्रतिज्ञापत्र. खासगी नोकरीच्या सीव्हीला यातले काही लागत नाही. आधार, पॅन क्रमांक तर अजिबात देऊ नये. अनोळखी हातांत पडलेल्या सीव्हीवरूनच ‘नोंदणी शुल्क भरा’ असे फोन येतात. असे पैसे गेलेच, तर 1930 या सायबर मदत क्रमांकावर लगेच कळवावे.

मोठ्या कंपन्यांत सीव्ही आधी संगणकप्रणाली वाचते. दोन रकाने, चौकटी, चित्ररूप आलेख यांत ती अडखळते. कागदाचा फोटो काढून बनवलेल्या पीडीएफमधून तिला अनेकदा काहीच मिळत नाही. साधा एक रकाना, एक पान, जास्तीत जास्त दोन. जाहिरातीत ‘अकाउंट्स रिसिव्हेबल’ म्हटले असेल आणि ते काम केले असेल, तर तोच शब्द वापरावा. इंग्रजी सुधारण्यासाठी चॅटजीपीटीची मदत घेता येते, पण त्याने घातलेला प्रत्येक शब्द मुलाखतीत समजावून सांगता आला पाहिजे. अभ्यासिकेचा हिशेब पाहणाऱ्या मुलीच्या सीव्हीत ‘स्ट्रॅटेजिक फायनान्शियल लीडरशिप’ आले, तर पुढचा प्रश्न त्यावरच येतो.

फाइलचे नाव ‘न्यू फायनल 3’ नको. स्वतःचे नाव आणि पद असावे. व्हॉट्सॲपवर पाठवतानाही सोबत दोन ओळी लिहाव्यात : कुठल्या पदासाठी अर्ज आहे आणि कधीपासून रुजू होता येईल.